मटारचं वाकडं पाकीट

माणूस घरात घ्यायचा तर आधी त्याच्या पायात काय आहे ते बघावं, असं आमचे वडील म्हणायचे. जर्मनीचं ते पोरगं आमच्या दारात उतरलं तेव्हा मी तेच बघितलं. अंगावर एक जाकीट, पाठीला एक सॅक, आणि दुसऱ्या मोठ्या पिशवीत बुटांचे सहा जोड. कपडे कमी आणि बूट सहा जोड. मी हिला म्हणालो, हे काही सरळ दिसत नाही. ही म्हणाली, "फुटबॉल खेळणारं पोरगं हाय, बूट न्हाई आणणार तर काय पाटा-वरवंटा आणणार?" ही म्हणजे माझी बायको, सुमन. ती गेली, हा दुसरा हिवाळा. नातीनं वही आणून दिली आणि म्हणाली, आबा, लिहा, नुसतं खिडकीत बसू नका. म्हणून लिहितोय. लोक आपल्या तरुणपणाचं लिहितात. माझं तरुणपण दोन हंगामांत संपलं, ते पुढं येईलच. पण तरुणपण कसं असतं ते मला खरं कळलं ते या पोराच्या त्या एका हंगामात, आणि तेसुद्धा म्हातारपणी.

घर अमेरिकेत, एडिसनला, माझ्या मुलाचं, महेशचं. तो दिवसभर वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंग करतो, सून गाडीनं ऑफिसला जाते. नात रिया इथल्या क्लबच्या मुलींच्या टीममध्ये खेळायची. त्याच क्लबची मोठी टीम पगारी खेळाडूंची. बाहेरून आलेल्या पोरांना भाडं परवडत नाही, म्हणून क्लब त्यांना लोकांच्या घरी ठेवतो. आमचं बेसमेंट रिकामं होतं. महेशनं मला विचारलं नाही, आईला विचारलं, आणि आईनं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. कागदावर त्याचं नाव जोनास होतं, म्हणायचं मात्र योनास. लिहायचं एक आणि म्हणायचं दुसरं, इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. वय एकवीस. खेळायचा फॉरवर्ड, म्हणजे पुढं राहून गोल मारणारा. मला न विचारता रियाचं ऐकून आबा म्हणायला लागला, आणि हिला आज्जी.

हिला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याला मराठी, पण दोघांचं तास तास बोलणं चालायचं. ही भाकरी थापत मराठीत सांगणार, तो ओट्याला टेकून त्याच्या मोजून मापून इंग्रजीत उत्तर देणार. तांबड्या रश्श्याला त्यानं एकदाच तोंड लावलं आणि मागच्या दारानं अंगणात जाऊन उभा राहिला. पांढरा रस्सा मात्र कॉफीच्या मगातून प्यायचा, मॅचच्या आदल्या दिवशी दोन मग. भाकरीवर लोणी लावून वर साखर भुरभुरायचा, आमच्या गावाकडची लहान पोरं खातात तशी. हे त्याला कुणी शिकवलं, असं मी विचारलं, तर कुणीच नाही म्हणाला. घरात आवाज कमी होते तेव्हा. बाहेर पानं उडवायची मशीनं घोंघावायची, खाली ड्रायर फिरायचा, लांबून न्यूयॉर्कच्या गाडीचा भोंगा. त्यात हिचा भाकरी थापल्याचा आवाज. आता भाकरी पाकिटातून येते. तिला आवाज नसतो.

मी त्याच्यावर नजर ठेवून होतो, खोटं कशाला सांगू. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं तालमीत कुस्ती आणि तालमीच्याच नावानं फुटबॉलची टीम. पेठेला पेठेचं वैर, आणि फायनलच्या आधी आठ दिवस फॉरवर्डला तालमीतच झोपवायचे. कुणाच्या घरचं खायचं नाही. दुसऱ्या पेठेतल्या सख्ख्या मावशीच्या हातचं पाणीसुद्धा नाही, कारण त्यात काय घातलं असेल सांगता येत नाही. मी सातवी नापास, दिवसा फौंड्रीत, संध्याकाळी मैदानात, आणि आमच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड. संशय घेणं हे मला चेंडू मारण्याच्या आधी शिकवलं गेलं. ज्यानं पेढा दिला त्याला आधी खायला लावायचं, असा आमचा रिवाज. पन्नास वर्षांत देश बदलला, पण ही सवय काही गेली नाही. इथं शेजारणीनं केक आणून दिला तरी मी आधी विचारतो, का दिला?

तर या पोरावर संशय यायला कारणं होती. तो गॅरेजमध्ये जाऊन जर्मनमध्ये फोन करायचा आणि मी दिसलो की आवाज खाली. आंघोळीला पाऊण तास. आणि मग मटारचं सुरू झालं. आम्ही मटार फ्रीझरमध्ये ठेवतो, दुकानातून आणलेली मोठी पाकिटं. एका सकाळी उसळीसाठी काढायला गेलो तर वरचं पाकीट जागेवर नाही. दुपारी बघतो तर आहे, पण मऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठलेलं, पण सपाट नाही, वाकडं. घराच्या कौलासारखं वाकडं, मधे उंच, दोन्ही कडा खाली. मटार काही आपोआप वाकत नाही. मी पाकिटाच्या कोपऱ्यावर पेनानं फुली मारली आणि पाळत ठेवली. रोज सकाळी ते जायचं, रोज दुपारी यायचं, आणि रात्रीतून नव्यानं वाकडं गोठायचं. मला वाटलं, आत काहीतरी लपवतोय. गोळ्या, पावडर, काय ते. बातम्यांत दाखवतात. मी एक पाकीट फोडून दाणा न् दाणा ताटात पसरून बघितला. मटारच होता. हिला सांगितलं तर ही नुसती हसली. "निवडून झाला असंल तर आता उसळ तरी करू द्या," म्हणाली. तिचं ते हसणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी सगळ्या जगावर पाळत ठेवली, हिच्यावर कधी ठेवली नाही.

उलगडा झाला तो जिन्यावर. मी स्वयंपाकघरात होतो, पोरगं वरच्या मजल्यावरून, महेशशी बोलून, खाली येत होतं. कुणी बघत नाही असं वाटून उतरत होतं. डावा पाय खाली, मग उजवा त्याच पायरीवर. पुन्हा डावा खाली, उजवा त्याच्याजवळ. आमच्या घरात हे एकच माणूस असं उतरतं, तो मी. दुखरा पाय आधी टाकायचा, चांगला मागून आणायचा. एका क्षणात मला ते पाकीट कळलं. कौलासारखं वाकडं म्हणजे मांडीवर ठेवल्यासारखं वाकडं. मी त्याला गॅरेजमध्ये नेलं आणि डाव्या मांडीवर बोट ठेवून म्हणालो, दाखव. त्यानं आधी नाही म्हटलं. मग चड्डीची कड वर केली. मांडीच्या मधोमध सूज होती, लिंबाएवढी.

त्याची कथा मला रियानं भाषांतर करून थोडी थोडी सांगितलेली होती, उरलेली त्यानं त्या दिवशी गॅरेजमध्ये सांगितली. बाप बस चालवतो. गाव लहान, चर्चच्या मागं मैदान. अकराव्या वर्षी मोठ्या क्लबनं उचलला आणि वसतिगृहात नेऊन ठेवला. बरोबरची पोरं दर वर्षी गाळली जायची. उन्हाळ्यात कुणाची खाट रिकामी झाली की समजायचं. हा सात वर्षं टिकला आणि अठराव्या वर्षी एका दुपारी ऑफिसात बोलावून त्यालाही सांगितलं, थँक यू. मग दोन वर्षं खालच्या, चौथ्या दर्जाच्या टीममध्ये, मग अमेरिका. इथं येऊन नऊ गोल. आता हंगामाच्या तीन मॅच उरल्या होत्या, आणि शेवटच्या मॅचला त्याच्या देशातला एक माणूस बघायला येणार होता, दुसऱ्या दर्जाच्या क्लबचा. चांगला दिसला तर घरी परत, बापाच्या बसच्या अंतरावर. नाही दिसला तर इथला करारही संपत होता. तो म्हणाला, "आबा, प्लीज. डोन्ट टेल. सिट आऊट केलं, तर फिनिश." आमच्याकडं राहून त्याचं इंग्रजीसुद्धा आमच्यासारखं झालं होतं.

आता इथं माणसानं काय करायला हवं होतं ते कुणालाही कळतं. हिला कळलंच. ही म्हणाली, डॉक्टरला दाखवा. मी म्हणालो, डॉक्टर क्लबचा आहे. पगार क्लब देतो. तो पोराचं बघेल की क्लबचं? दोन आठवडे बसवून ठेवील, तेवढ्यात मॅच संपतील, आणि करार न करायला क्लबला कारण मिळेल. हे सगळं मी असं बोललो जसं काही मी त्या ऑफिसात बसून ऐकलं होतं. पोराच्या मनात थोडं वेगळं चाललं असावं असं मला त्याच्या तोंडावरून वाटलं होतं, पण मी त्याला बोलू दिलं नाही. त्याच्यावरचा माझा संशय संपला होता ना, मग तो संशय कुठंतरी न्यायला हवा होता. मी तो उचलून डॉक्टरवर नेऊन ठेवला. आणि त्याला म्हणालो, आमच्या तालमीत डॉक्टर नव्हता. वस्ताद होता. माझा गुडघा असाच धरला होता, फायनलच्या आधी. वस्तादानं पाच दिवस तेलानं रगडला आणि मी खेळलो, गोल मारला. हे मी सांगत असताना ही दारात उभी होती.

"आणि मग?" ही म्हणाली. "गुडघा बरा झाला व्हय तुमचा?"

मी म्हणालो, तू आत जा.

या प्रश्नाचं उत्तर आज लिहितो. नाही झाला. गोल मारला हे खरं. त्यानंतर मी कधीच खेळलो नाही हेही खरं. आमच्या पेठेत दवाखाना असलेला एक डॉक्टर फुकट बघतो म्हणाला होता, पण तो राहायला दुसऱ्या पेठेत, म्हणून आमच्या लोकांनी मला त्याच्याकडं जाऊ दिलं नाही. लग्न झालं तेव्हा मी पंगतीत भिंत धरून खाली बसलो, ते हिनं बघितलं होतं. पण वस्तादाची गोष्ट मी आयुष्यभर गोलापर्यंतच सांगितली. पोराला, महेशला, फौंड्रीतल्या माणसांना, सगळ्यांना. इतक्या वेळा सांगितली की पुढचं मलाच आठवेनासं झालं.

तिळाचं तेल, त्यात लसूण काळी होईपर्यंत तळायची, ओवा टाकायचा. तेल गॅरेजमध्येच, लहान शेगडीवर. शेवटच्या मॅचच्या आधी पाच दिवस रोज सकाळी, महेश मीटिंगला बसला की. मी स्टुलावर, तो जुन्या गादीवर, आणि मी दोन्ही अंगठे घालून त्या गाठीवर जोर द्यायचो. वस्ताद म्हणायचा, गाठ फुटली पाहिजे, रक्त मोकळं झालं पाहिजे. पोरगं टॉवेल दातात धरायचं. मला त्याचा अभिमान वाटायचा. त्याआधीच्या दोन मॅचला त्यानं काहीतरी कारण सांगून अर्धाच वेळ खेळून घेतलं. चौथ्या दिवशी सूज कमी दिसली, म्हणजे मला तशी दिसली. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "बेटर." माझ्यासाठी म्हणाला असणार, आता वाटतं.

शेवटच्या मॅचला आम्ही सगळे गेलो. लोखंडी बाकड्यांवर घोंगडी घालून बसलो, हिनं थर्मासमध्ये पांढरा रस्सा नेला होता. तो बघायला आलेला माणूस मी शोधून काढला. एकटाच बसलेला, वही घेऊन, टाळ्या न वाजवणारा. माझं सगळं लक्ष त्या वहीकडं. पहिल्या अर्ध्यात पोरानं असा एक गोल मारला की मी माझा गुडघा विसरून उभा राहिलो. दोघांच्या मधून घुसून, डाव्यानं, खाली, कोपऱ्यात. त्या माणसानं वहीत काहीतरी लिहिलं. मी हिला कोपरानं ढोसलं आणि म्हणालो, बघ. ही बघतच होती, पण चेंडूकडं नाही. ही पोराच्या पायाकडं बघत होती. मध्यंतरानंतर दहा मिनिटं झाली असतील. एक लांबचा पास आला, तो पळाला, आणि कुणीही धक्का न देता असा पडला जसं मागून कुणी दगड मारला. पडल्यावर त्यानं मांडी धरली नाही. त्यानं तोंड झाकलं. त्यावरून मला कळलं.

त्याचं इथं कुणी नाही म्हणून मला आणि महेशला मैदानामागच्या खोलीत जाऊ दिलं. डॉक्टर तरुण होता, माझ्या डोळ्यांसमोर तो जसा होता तसा नव्हताच. पोराला पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला, मग मांडी तपासली. मांडीवर माझ्या अंगठ्यांचे डाग होते, हिरवे-निळे, जोडीजोडीनं. खोलीत लसणीच्या तेलाचा वास. डॉक्टरनं स्वतःचे दोन्ही अंगठे वर करून, दाबल्यासारखं करून दाखवलं आणि विचारलं, हे कुणी केलं? एवढं इंग्रजी मला येतं. महेशला तो वास लहानपणापासून माहीत, त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, खाली फरशीकडं बघत राहिला. पोरानं माझ्याकडं एकदा बघितलं. मग डॉक्टरला म्हणालं, "मी. आय डिड इट मायसेल्फ." डॉक्टर म्हणाला, लहानशी फाट होती, दोन आठवडे नुसती सोडून दिली असती तर जुळली असती. दाबून दाबून आत रक्त साठलं आणि आज पूर्ण फाटली. हे महेशनं मला मराठीत सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. मी मान हलवली. डॉक्टर माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. तोंड उघडायला मला कुणी अडवलं नव्हतं.

घरी आलो. थर्मास तसाच भरलेला. रात्री हिनं एवढंच म्हटलं, "त्यानं तुमचं नाव घेतलं न्हाई. तुम्ही घ्यायला पायजे होतं." मी म्हणालो, सकाळी सांगतो. सकाळी वाटलं, सांगून काय मिळणार, फाटलेलं जुळणार आहे का. वहीवाला माणूस गेला तो गेलाच. क्लबनं करार केला नाही. पोरगं कुबड्यांवर आमच्याकडं दोन महिने राहिलं, कारण ही त्याला जाऊ देईना. तो ओट्याशी स्टुलावर बसून हिला मटार सोलून द्यायचा, आम्ही मुद्दाम शेंगा आणायला लागलो होतो. माझ्याशी पहिल्यासारखाच बोलायचा, हे मला सगळ्यात जड गेलं. मी त्यातही शोधत राहिलो, मनात काय ठेवलं आहे याच्या. त्यानं मनात काही ठेवलं असेल तर मला ते आजपर्यंत सापडलेलं नाही. निघताना तो हिच्या पाया पडला. एवढे दिवस रियाचं बघून शिकला असावा. मग माझ्याकडं वळला तर मी पाय मागं घेतला.

पुढच्या हिवाळ्यात ही गेली. फार दिवस दुखणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ फोन आला, रियानं कळवलं होतं. मग त्यानं विचारलं, तो मटार पहिल्या दिवशी कुणी दिला होता माहीत आहे का? मी म्हणालो, तू चोरला होतास. तो म्हणाला, नाही, आज्जीनं दिला. पहिल्याच दिवशी ती बेसमेंटमध्ये पाकीट घेऊन आली, मांडीवर ठेवलं, आणि बोट नाचवून एक अट घातली: सोमवारी डॉक्टर. त्यानं हो म्हटलं होतं. सोमवारी जाणार होता. रविवारी मी त्याला जिन्यावर पकडला.

म्हणजे मी पाळत ठेवली नसती तर पोरगं वाचलं असतं. आणि हिनं हे मला जन्मात सांगितलं नाही. ती दारात उभी राहून एक प्रश्न विचारून गेली, तेवढंच. मी म्हणालो, योनास, डॉक्टरला मी सांगायला हवं होतं. चोळलं मी. तो म्हणाला, "आय नो, आबा. आय वॉज देअर." आणि हसला. मला हसू आलं नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो, महेश वाचेल, रिया वाचेल: त्या दिवशी खोलीत विचारलं होतं, हे कुणी केलं. मी केलं. दत्तोबानं. आणि माझ्या वस्तादाच्या गोष्टीत गोलानंतर काय झालं तेही लिहिलं आहे, वरती.

तो आता त्याच्या गावाजवळच्या एका टीममध्ये खेळतो. मोठी नाही, पण पगार आहे, बापाच्या बसनं जाता येतं. पाय कसा आहे विचारलं की म्हणतो, परफेक्ट. मी असं ऐकून घेणारा माणूस नाही. मी सांगितलं, जिना उतरतानाचा व्हिडिओ पाठव, पुढून काढ, पाय दिसले पाहिजेत. गेल्या आठवड्यात पाठवला. त्यांच्या घराचा लाकडी जिना, बाप फोन धरून खाली उभा, आणि पोरगं वरून उतरतंय. डावा, उजवा, डावा, उजवा, प्रत्येक पायरीला एकच पाय, सरळ. मी रियाकडून तो सावकाश लावून घेतला. पुन्हा लावून घेतला. चौथ्या पायरीवर डावा जरासा थांबतो असं मला वाटतं. रिया म्हणते, नो आबा, थांबत नाही. मी म्हणतो, परत लाव. ही असती तर म्हणाली असती, आधी चष्मा पुसा.